सायकलच्या बुटातला सुखतळा: नवख्यांनी कसा निवडावा

क्लीटचे, म्हणजे तळाला पेडलमध्ये अडकणारा तुकडा असलेले, बूट घेतले, गावाभोवतीच्या छोट्या फेऱ्या मजेत झाल्या, आणि मग एका रविवारी जळगावहून अजिंठ्याच्या दिशेने निघालात की खरी परीक्षा सुरू होते. पहूर येईपर्यंत चवड्याखाली आग व्हायला लागते. फर्दापूरला चहाला थांबलं की आधी बूट काढून बोटं चोळायची, मग कपाला हात. ग्रुपमधले जुने लोक लगेच सांगतात, "इनसोल बदलून टाक." इनसोल म्हणजे हाच बुटातला सुखतळा. सल्ला बरेचदा बरोबरही असतो. पण कुठला घ्यायचा असं विचारलं की उत्तर येतं, "चांगला जाड, मऊ बघून घे." पैसे वाया जायला सुरुवात होते ती इथून.

मऊपणाचा आणि सायकलवरच्या आरामाचा फारसा संबंध नाही, हे एकदा पटलं की पुढची निवड अर्धी सोपी होते. चालताना किंवा पळताना टाच जमिनीवर आदळते, म्हणून पळण्याच्या इनसोलमध्ये टाचेखाली जाड फोम असतो. सायकलवर टाच कुठेच आदळत नाही. सगळा जोर चवड्यातून पेडलवर जातो, आणि बुटाचा तळ नायलॉनचा किंवा कार्बनचा, मुद्दाम कडक केलेला. आता तळपाय काही सपाट नसतो. मध्ये कमान असते. बुटाबरोबर येणारा सुखतळा मात्र बहुतेक वेळा पातळ, सपाट फोमचा तुकडाच असतो. म्हणजे कमान अधांतरी आणि भार फक्त चवडा आणि टाच यांच्यावर. दर दाबाला कमान खाली बसते, पाय आतल्या बाजूला कलतो आणि त्याबरोबर गुडघाही टॉपट्यूबकडे, म्हणजे सायकलच्या वरच्या दांड्याकडे झुकतो. मिनिटाला ८० फेरे धरले तर तासाला एकेका पायाचे ४,८०० दाब झाले. अशा वेळी खाली आणखी मऊ फोम घालणं म्हणजे नांगरलेल्या काळ्या रानातून चालणं: पाऊल आधी रुततं आणि मग पुढे सरकतं.

तेव्हा चांगल्या सुखतळ्याची कामं तीन. कमानीखालची पोकळी भरणं, चवड्यावरचा दाब पसरवणं आणि टाच जागच्या जागी धरणं. गुबगुबीतपणा या यादीत नाही.

खरेदीआधी: दोष सुखतळ्याचाच आहे का?

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका हाच सगळे गाळतात. चवड्याची आग किंवा बोटांचा बधिरपणा यामागे चार गोष्टी असू शकतात आणि त्यातल्या तीन फुकटात दुरुस्त होतात.

पहिली म्हणजे पट्टे. खान्देशातल्या उन्हात पाय फुगतात, यात नवल नाही. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो. पहाटे पाचला थंड पायावर करकचून ओढलेला पट्टा आठ वाजता फास होतो. पुढचा, बोटांजवळचा पट्टा नेहमी सैलच ठेवा. पाय धरून ठेवायचं काम वरच्या, घोट्याजवळच्या पट्ट्याचं आहे. अर्ध्या वाटेत थांबून पट्टे एक खाच सैल केले आणि पाच मिनिटांत बोटांना जाग आली, तर बाजारात जायची गरज नाही.

दुसरी म्हणजे क्लीटची जागा. अंगठ्याच्या मुळाशी आणि करंगळीच्या मुळाशी पायाच्या दोन्ही कडांना हाडांचे उंचवटे हाताला लागतात. बूट घालून ते चाचपा आणि बाहेरून पेनाने खूण करा. पेडलचा दांडा या दोन खुणांच्या मधल्या पट्ट्यात यायला हवा. नवीन बुटात क्लीट बऱ्याचदा त्याहून पुढे बसवलेली असते आणि मग सगळा भार चवड्याच्या टोकावर येतो. स्क्रू सैल करून क्लीट टाचेकडे दोन-तीन मिलिमीटर सरकवली तरी फरक कळतो. सरकवण्याआधी जुन्या जागेभोवती पेनाने रेघ मारून ठेवा, नाहीतर परत यायचं कुठे हे कळणार नाही.

तिसरी म्हणजे जड गिअर. धुळ्याहून साक्रीकडे समोरच्या पश्चिमेच्या वाऱ्यात सायकल घातली असेल त्याला हे वेगळं सांगायला नको. ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या काही उगाच उभ्या केलेल्या नाहीत. वारा तोंडावर आला की नवखा माणूस गिअर न बदलता मांड्यांच्या जोरावर रेटत राहतो, पाय मिनिटाला पन्नासच्या गतीने फिरतात आणि प्रत्येक दाब दीडपटीहून जड होतो. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढतानाही तेच. हलका गिअर घ्या, पाय भरभर फिरवा. आधी हे करून बघा आणि मग आगीचं काय होतं ते पाहा.

चौथी गोष्ट फुकटात सुटत नाही: बूटच अरुंद किंवा आखूड असणं. आपल्याकडे अनवाणी आणि चपलेत वाढलेले पाय पुढे पसरट असतात आणि सायकलचे बरेचसे बूट युरोपी साच्यावरचे, निमुळते. करंगळीची कड दाबली जात असेल तर कुठलाही सुखतळा ते जमवून देणार नाही, उलट आतली जागा आणखी कमी करेल. तिथे रुंद साच्याचा बूट हाच उपाय.

आणि हो, अजून साध्या पेडलवर कॅनव्हासच्या बुटांनी चालवत असाल तर हा लेख थोडा लवकर आला म्हणायचा. तळ मऊ असेल तर आत काहीही घाला, तो पेडलभोवती वाकतच राहणार.

जुना सुखतळा बाहेर काढा आणि वाचा

बूट उन्हात न्या, सुखतळा ओढून काढा आणि पालथा-उताणा करून बघा. महिन्या-दोन महिन्यांच्या घामाने त्यावर तुमच्या पायाचा नकाशा उमटलेला असतो. अंगठ्याखाली खोल काळा ठसा, त्यामागे उंचवट्यांचा डाग, मग मध्ये जवळजवळ कोरा पांढरा पट्टा आणि शेवटी टाचेचा गोल: असं दिसलं तर कमानीला आधारच मिळत नाहीये. मधला भागही डागाळलेला असेल आणि आतली कड दबून चपटी झाली असेल तर पाय आत कोसळतोय. बोटांचे ठसे पुढच्या कडेच्या बाहेर लोंबत असतील तर बूट आखूड आहे. डावा-उजवा शेजारी ठेवा. दोन्ही नकाशे सारखे नसतात, आणि खरेदी करताना त्यातला जास्त त्रासदायक पाय धरून चालायचं.

मग रिकाम्या बुटात हात घाला आणि आतला तळ बोटांनी चाचपा. दोन स्क्रूच्या, म्हणजे एसपीडी पद्धतीच्या बुटात क्लीटची लोखंडी पट्टी आत असते आणि तिच्यावर एक चिकटपट्टी असते. ती सुटून गोळा झाली असेल किंवा स्क्रू लांब असल्यामुळे त्याचं टोक वर आलं असेल, तर नेमकं चवड्याखाली टोचतं. अशा वेळी नवीन इनसोल आणणं म्हणजे खड्ड्यावर सतरंजी टाकणं. स्क्रू बदला, पट्टी नव्याने चिकटवा.

आपली कमान ओळखा

तळपाय ओला करा आणि अंगणातल्या कोरड्या शहाबादी फरशीवर नेहमीसारखं उभं राहून पाऊल उचला. पूर्ण भरलेलं पाऊल उमटलं तर कमान खाली. टाच आणि चवडा जोडणारी बाहेरच्या कडेची पट्टी अर्ध्या रुंदीच्या आसपास उमटली तर मध्यम. पट्टी अगदी बारीक किंवा तुटलेली दिसली तर उंच.

ही चाचणी कच्ची आहे. उभं राहिल्यावर पायावर पूर्ण वजन असतं, तर सायकलवर ते खोगीर, हात आणि पाय यांच्यात वाटलेलं असतं. म्हणून तिला दुसरी जोड द्या. खुर्चीत बसून पाऊल जमिनीवर टेकवा आणि घरातल्या कुणालातरी कमानीखाली बोट सरकवायला सांगा. मग उठून उभं राहा आणि पुन्हा तेच. बसल्यावर बोट आरामात आत जातं आणि उभं राहिल्यावर पाय बोटावर येऊन बसतो, असे पाय सगळ्यात जास्त आढळतात. त्यांना आधार हवा तो मध्यम उंचीचा आणि घट्ट. बसता-उठता दोन्ही वेळा पाऊल सपाटच राहत असेल तर उंच कमानीचा इनसोल घेऊन पाय "सरळ करायला" जाऊ नका. तसल्या पायाखाली उंच आधार म्हणजे आत अडकलेला खडा. कमी उंचीपासून सुरुवात करा.

बुटात जागा किती आहे?

सायकलचा बूट अंगाबरोबर बसतो, त्यात शिल्लक जागा नसते. मूळ सुखतळा चवड्याखाली दोन-तीन मिलिमीटर असेल आणि नवा पाच-सहा मिलिमीटरचा आणलात, तर वरून पावलावर दाब येणार. बोटं पुन्हा बधिर, आणि तुम्ही म्हणणार इनसोल खराब निघाला. म्हणून दुकानात जाताना जुना सुखतळा आणि बूट दोन्ही बरोबर न्या. शक्यतो संध्याकाळी जा, त्या वेळी पाय दिवसभराच्या कामाने थोडे फुगलेले असतात आणि सायकलवरच्या पायाच्या जवळ जातात. ज्या मोज्यांनी चालवता तेच घाला. जाड सुती मोज्याऐवजी पातळ सिंथेटिक मोजा घेतला तर थोडी जागा मोकळी होते; घाम धरून न ठेवणं हा त्याचा वेगळा फायदा.

आणखी एक: जुन्याच्या वर नवा असे दोन सुखतळे कधी घालायचे नाहीत. टाच वर येते आणि बुटातून निसटायला लागते.

दुकानात

जळगावचं फुले मार्केट असो की धुळ्याचा आग्रा रोड, इनसोल मागितला की दुकानदार काउंटरवर एक ठेवतो, टाचेच्या जागी अंगठा दाबतो आणि म्हणतो, "बघा भाऊ, एकदम गादी!" त्याची चूक नाही. त्याचं गिऱ्हाईक दिवसभर उभं राहून काम करणारं असतं, त्याला गादीच हवी असते. तुम्ही अंगठा दाबायचा तो कमानीच्या उंचवट्यावर. अंगठ्याच्या जोराने तो सपाट होत असेल तर पायाखाली टिकणार नाही, परत ठेवा. थोडा दबून परत वर येत असेल तर पुढे बघू. मग दोन्ही टोकं धरून पिळून पाहा. मधला आणि टाचेचा भाग पिळायला कठीण, पुढचा भाग लवचिक, असा हवा. टाचेचा भाग वाटीसारखा खोलगट हवा. चवड्याखाली जाडी कमी आणि एकसारखी हवी. जेलची निळी-हिरवी चकती चवड्याखाली असेल तर ती सायकलसाठी नको. जेल जड असतं, गरम होतं आणि जोर पडला की बाजूला पसरतं.

एसपीडीच्या स्वस्त बुटात तळ थोडा वाकतो आणि छोट्याशा क्लीटची गोळी खालून जाणवते. तिथे कडक बैठकीचा इनसोल जास्त उपयोगी पडतो, कारण तो दाब आजूबाजूला वाटून टाकतो.

खास सायकलसाठीचे इनसोल जळगाव-धुळ्याच्या दुकानांत सहसा मिळत नाहीत. नाशिक, पुणे, सुरत किंवा ऑनलाइन. स्पेशलाइज्डच्या बॉडी जॉमेट्री मालिकेत रंगावरून कमान कळते: लाल कमी, निळा मध्यम, हिरवा उंच. सुपरफीट आणि सिडास यांचेही चांगले असतात. शिमानोच्या वरच्या दर्जाच्या बुटांत कमानीखाली बदलता येणारे छोटे आधार येतात. तुमचा बूट तसा असेल तर खोक्यात परत एकदा बघा, बरेच लोक ते तुकडे न वापरताच ठेवून देतात. ऑनलाइन घेताना परत करण्याची सोय नीट वाचा. एकदा कात्री लागली की कुणी परत घेत नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर पहिल्यांदाच सगळ्यात महागड्या, पाय मोजून बनवलेल्या इनसोलच्या मागे लागू नये. तयार मालातला, योग्य उंचीचा आणि घट्ट कमानीचा जोड बहुतेकांना पुरतो. पाय मोजून बनवून घेण्याची वेळ येते ती दोन पायांत मोठा फरक असला किंवा जुनी दुखापत असली तर.

कापणी

दोन मापांच्या मध्ये असाल तर मोठं माप घ्या. जुना सुखतळा नव्यावर टाचेला टाच जुळवून ठेवा आणि पुढची कड आखून घ्या. कापायचं फक्त बोटांकडून. टाच आणि कमान यांना कात्री लावायची नाही. रेघेच्या बाहेरून दोन-तीन मिलिमीटर सोडून कापा, बुटात घाला, बघा, मग आणखी. पुढची कड वर वळत असेल तर अजून थोडं काढायचंय. कडेला सुरकुती राहिली तर चाळीसाव्या किलोमीटरला तीच बोटाला फोड आणते. घरच्या कात्रीने कड ओबडधोबड होत असेल तर बूट-चप्पल दुरुस्तीवाल्या दादांकडे न्या. त्यांच्या रापीने दोन मिनिटांत तिरकी, साफ कड निघते.

त्याच दादांकडून आणखी एक काम होतं. तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या मध्ये झिणझिण्या किंवा चटका येत असेल, तर तिथल्या हाडांमध्ये नस दाबली जात असण्याची शक्यता असते. चवड्याच्या उंचवट्यांच्या मागे, पुन्हा सांगतो, मागे, खाली नव्हे, थेंबाच्या आकाराची छोटी घट्ट फोमची गादी चिकटवली की हाडं किंचित फाकतात आणि नसेला जागा मिळते. आधी डबल टेपने तात्पुरती चिकटवून दोन-चार फेऱ्या करा. जागा पाच मिलिमीटरनेही चुकली तर त्रास वाढतो. जमली तरच सोल्युशन लावा.

बसवल्यानंतर

नवा सुखतळा जुन्यापेक्षा जितका जाड, तितका तुमचा पाय पेडलपासून वर आला, म्हणजे खोगीर तेवढं खाली गेल्यासारखं झालं. फरक दोन-तीन मिलिमीटरचा असेल तर सीटपोस्ट तेवढीच वर घ्या. एवढ्याने काय होतं, असं वाटेल. पण ज्यांचे गुडघे हळवे आहेत त्यांना होतं.

पहिले काही दिवस फेऱ्या लहान ठेवा, आणि ओळखीच्या रस्त्यावरच, म्हणजे जळगावात मेहरूणच्या तलावाभोवती किंवा धुळ्याहून लळिंगपर्यंत जाऊन परत. कमानीला आजवर टेकण नव्हतं, तिला पहिल्या दिवशी काहीतरी अडल्यासारखं वाटणारच. ते दोन-तीन फेऱ्यांत विसरायला झालं पाहिजे. ठणका लागत असेल, फोड येत असेल किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला नवं दुखणं सुरू झालं असेल तर उंची जास्त झाली. कमी उंचीचा घ्या. नवा इनसोल घालून थेट २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरावीक मुदतीत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या फेरीला, जाणारे दरवर्षी दिसतात. साडेतेरा तासांची मुदत असते, आणि उरलेला वेळ ते बूट हातात घेऊन काढतात. बांधावरून आवाज येतो, "सायकल शे तरी पायी का बरं चाली ऱ्हायनात, भाऊ?" आणि त्याला उत्तर नसतं.

मधुमेह असणाऱ्यांनी मात्र हे सगळं स्वतःच्या बोटांवर विसंबून करू नये. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून चाळिशी-पन्नाशीत सायकल घेतलेले आपल्याकडे पुष्कळ आहेत. मधुमेहात पायाची संवेदना कमी होऊ शकते, मग आतली जखम कळत नाही, आणि "मला काही टोचत नाही" याला अर्थ राहत नाही. नवा सुखतळा घातल्यावर प्रत्येक फेरीनंतर तळवा उजेडात बघा, लालसर डाग राहिला तर तो वापरू नका. सायकलवरून उतरल्यावर तासाभरानेही बधिरपणा जात नसेल किंवा सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येत असेल, तर आधी दवाखाना, इनसोल नंतर.

उन्हाळा-पावसाळा

फेरी संपली की सुखतळा बाहेर काढायचा. बुटात ठेवला तर घामाचा वास आणि बुरशी दोन्ही मुक्कामाला येतात. वाळवायचा तो सावलीत. मे महिन्यात पत्र्यावर किंवा बंद गाडीच्या डिकीत टाकलेला फोम आक्रसतो आणि वरचं कापड सुटतं. धुवायचा तर साध्या साबणाने, हाताने. मशीनमध्ये नाही, पिळायचाही नाही.

पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावर पाय टेकला की क्लीटबरोबर बुटातही चिखल जातो. बारीक माती सुखतळ्याखाली बसून वाळली की ढेकूळ होतं आणि अचानक एका जागी टोचायला लागतं, म्हणून ओल्या फेरीनंतर आतला तळ पुसून घ्या. बुटात जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबले की रात्रीतून ओल निघते.

किती दिवस चालतो, हे किलोमीटरमध्ये सांगता येत नाही. महिन्यातून एकदा कमानीवर तोच अंगठा दाबून बघा. परत वर यायला वेळ लागायला लागला किंवा डावा-उजवा वेगवेगळा दबायला लागला की बदला, आणि दोन्ही एकदमच बदला. जुना जोड टाकून देऊ नका. पुढचा कापताना माप म्हणून तोच लागतो.